आत्या वडिलांना तारायला आली

माणसाच्या आयुष्यात मेल्यावरच्या तारणापेक्षा मोठा प्रश्न नाही, असं आत्या म्हणते. हा प्रश्न आमच्या भाटघरच्या घरात आला तेव्हा वडील ओसरीवर पायाची नखं कापत बसले होते.

आत्या त्यांची थोरली बहीण, भोरला असते. नवऱ्याची दारू प्रार्थनेनं सुटली, तेव्हापासून ती येशूची झाली. वडील बौद्धाचार्य. आसपासच्या गावांतली बौद्ध लग्नं तेच लावतात, आणि माइक नसतानाही माइकवर असल्यासारखे बोलतात. आजवर दोघांनी आपापला धर्म चपलांबरोबर दाराबाहेर ठेवला होता. पण सोमवारी वडिलांची पुण्याला बायपास होती. आदल्या शनिवारी आत्या एसटीनं आली ती पिशवीत बायबल घेऊनच.

चहा झाल्यावर म्हणाली, "भावा, एकदा म्हण, येशू माझा तारणारा. जास्त कायबी न्हाई."

"आक्का, तारायला आत्मा लागतो. धम्मात आत्मा नसतो."

"एका आईच्या पोटचं आपण. माझ्यात हाय आन् तुझ्यात न्हाई व्हय?"

मी हसले. वडील हसले नाहीत. घसा साफ करून ते पंचशिलाकडे वळले. माणूस आपल्या वागणुकीनंच तरतो, वगैरे. आत्या म्हणाली, वागणुकीनं न्हाई, तारण देवाकडनं फुकट मिळतं.

"न दिलेलं घ्यायचं नाही, हे दुसरं शील."

"अरं, दिल्यालंच हाय की! तूच हात पुढं करंना."

वडील पुन्हा नखं कापू लागले. पुस्तकांतली दोन-तीन उत्तरं माझ्याकडे तयार होती. ती देणार, तोच आत्याचा चेहरा बदलला.

"आपली आई तशीच गेली. आबा तसंच गेलं. आता तू. मी तिथं जाऊन कुणाशी बोलू?"

स्वर्ग नाही, असं मला पक्कं वाटतं. पण त्या नसलेल्या स्वर्गात एकटी बसलेली आत्या मला स्पष्ट दिसत होती.

वडील नखं कापायचे थांबले. मग साध्या, घरच्या आवाजात म्हणाले, "तुझ्यासाठी म्हणीन मी. पण ते खोटं असंल. चालंल तुला?"

आत्यानं खरोखर विचार केला. तिनं हो म्हणावं, असं मला वाटत होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "तिथं खोटं चालत न्हाई."

"हितंबी न्हाई."

एवढ्या एकाच मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं, आणि त्यानंच सगळं अडलं.

शेवटी तिनं डोक्यावर हात ठेवू का, असं विचारलं. वडिलांनी टोपी काढली. ती रडत रडत प्रार्थना करत राहिली आणि ते उघड्या डोळ्यांनी ओसरीवरून दिसणाऱ्या धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले. मांडीवरची टोपी ते घडी घालून पुन्हा उलगडत होते. भीतीनं की बहिणीपायी, ते मी विचारलं नाही.

एसटीत चढताना आत्यानं माझं मनगट धरलं. "ऑपरेशनला आत नेताना तरी म्हणायला सांग त्याला. शेवटच्या घडीलाबी चालतं."

मी हो म्हणाले. सांगितलं तर वडिलांना काय वाटेल, आणि नाही सांगितलं तर आत्याला पुढं काय तोंड दाखवायचं, याच विचारात रविवार गेला.

सोमवारी दवाखान्यात वडिलांची साखर वाढलेली निघाली आणि शस्त्रक्रिया पंधरा दिवस पुढे गेली, आणि आत्याला दिलेला माझा शब्दही.