चुकीच्या पायरीवर वाढलेलं जेवण

जिबेकच्या गाठोड्याची गाठ उन्हाळ्यापासून सुटली नव्हती. आत होतं तरी काय? आईच्या हातच्या दोन गाद्या, एक हिवाळी कोट, दोन झगे आणि कापड कापायची मोठी कात्री. एका जुन्या निळ्या चादरीत हे सगळं करकचून बांधलेलं. झोपायची तीसुद्धा ते उशाला घेऊन, आणि तेही दाराजवळ. कोण कधी "ऊठ" म्हणेल सांगता येतं का? आणि जिचा डावा खुबा जन्मापासून निखळलेला, जी कुबडीशिवाय उभी राहत नाही, तिला नुसतं उठायलाच वेळ लागतो. त्यात गाठी बांधत कुठं बसणार!

आई होती तोवर घर होतं. आमच्यात थोरले मुलगे लग्न करून वेगळे होतात आणि धाकटा आईबापाच्या घरात राहतो, घर त्याचंच. जिबेक धाकटी. लोकांच्या लेखी धाकटा. आईला मात्र सगळं माहीत होतं. आसपास कुणी नसलं की ती हळूच "जिबेक" अशी हाक मारायची. जिबेक म्हणजे रेशीम. ते नाव लेकीनं स्वतःच निवडलं होतं, शिवणयंत्रावर बसल्या बसल्या. आई गेली, तिच्या चाळिसाव्या दिवशी सगळे नातेवाईक जेवायला बसले आणि थोरला भाऊ कुबात भरल्या पंगतीत म्हणाला, "तू मुलगी आहेस म्हणतेस ना? बरं बाई, मान्य. मग मुली काय करतात? घर सोडून जातात. जा तूही." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला मेला. वाईट त्याचं नाही वाटलं, वाईट याचं की चुलतेमामेही हसले, हातातलं मटण खाली न ठेवता.

ती राजधानीला, बिश्केकला आली. गुलबारा एजेच्या, म्हणजे गुलबारा ताईच्या, शिवणकारखान्यात काम मिळालं आणि कापडाच्या ताग्यांच्या मागं झोपायला जागाही. एजे तोंडानं फटकळ, दिवसातून दहादा शिव्या घालायची, पण कुणी जिबेककडं बघून नाक मुरडलं तर त्याला आधी फाडून खायची. नोव्हेंबरात कारखान्याची जागा गेली. एजेनं चार यंत्रं घेऊन एका दुकानाच्या मागं खोपटात बस्तान हलवलं. "काम आहे गं तुला, कामाची काळजी करू नकोस," ती म्हणाली. "पण तिथं रात्री कुलूप लावतात. मी तरी काय करू, सांग?"

मग सुरू झाली वणवण. जेन्या नावाची एक मैत्रीण होती, जिबेकसारख्यांच्या मदतीसाठी दिवसभर फोनवर घसा कोरडा करणारी. त्यांच्यासाठीच एक आसरा होता, पण चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिथं स्वयंपाकघरातसुद्धा दोघी झोपत होत्या. बायकांच्या आसऱ्यात पासपोर्ट, म्हणजे ओळखपत्र, मागितला आणि पासपोर्टावर बापानं ठेवलेलं मुलाचं नाव. अपंगांच्या वसतिगृहात जागा होती, हो, होती! पुरुषांच्या खोलीत.

"एका दारात पाय आडवा येतो, दुसऱ्या दारात पासपोर्ट," जिबेक फोनवर ओरडली. "दोन्ही घेऊन आत जाता येईल असं एकही दार नाही का गं या शहरात?"

"ओरडू नकोस माझ्यावर. शोधतेय ना!" जेन्याही ओरडली. मग जेन्या म्हणाली, "शहराच्या टोकाला नव्या वस्तीत एक घर आहे. तळमजला, चूल आहे. मालक फोनवर हो म्हणालाय. आजच जा."

त्याच सकाळी कारखान्याच्या जुन्या जागेलाही कुलूप लागलं होतं. जिबेक गाठोडं पाठीशी मारून मिनीबसमध्ये चढली. कुणी जागा देईना, कुणी गाठोड्यावरून करवादलं. खुब्यातून कळा येत होत्या आणि डोक्यात एकच चाललेलं, आजची रात्र कुठं, आजची रात्र कुठं.

नव्या वस्तीतल्या त्या घरापाशी मालक गाडीतून आला. उतरलासुद्धा नाही. काच खाली करून त्यानं तिला पायांपासून वर बघितलं, ओढणीपाशी थांबला. जिबेकनं सलाम केला आणि तिचा जाडा आवाज ऐकल्याबरोबर त्याचं तोंडच बदललं. "अगं... अरे... जे काय असेल ते. घर गेलं. नारीन गावाकडचं कुटुंब येतंय उद्या."

"पण फोनवर तर तुम्ही..."

"गेलं म्हटलं ना!" गाडी धुरळा उडवत निघून गेली. नारीनचं कुटुंब तेव्हाच ठरलं होतं की तिला बघून ठरलं, देव जाणे.

जिबेक त्या रिकाम्या घराच्या पायरीवरच बसली. दुसरं करणार काय? परतीची गाडी लांबच्या कोपऱ्यावरून सुटायची आणि पाय तर टेकवत नव्हता. पायरी बर्फासारखी गार. गल्लीत कोळशाचा धूर साचलेला, ऊन उतरायला लागलेलं. तिनं जेन्याला फोन लावला. "तिथंच थांब, हलू नकोस, बघते," जेन्या म्हणाली. हलू नकोस म्हणे! बसल्या जागी जिबेकची नुसती घालमेल चाललेली. कुबडीची रबरी टोपी काढायची, परत बसवायची. फोन बघायचा, खिशात टाकायचा, परत काढायचा.

शेजारचं फाटक वाजलं. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात बिनबाह्यांचं मखमली जाकीट, अशी एक म्हातारी हातात मोठं झाकलेलं वाडगं घेऊन तुरुतुरु येत होती. येता येताच समोरच्या कुंपणाकडं बघून ओरडली, "काय गं काल्बुबू, बघतेस काय? माझी नवी शेजारीण आलीय! सगळ्यांच्या आधी मीच पोचले बरं!"

वाडगं जिबेकच्या पुढ्यात आलं. वाफाळतं मटणाचं सार, वर कोथिंबीर आणि काखेत दाबून आणलेली ताजी रोटी. "मी उर्कुया. उर्कुया आपा म्हण. घे, हे तुझं ओरुलुक. मालक म्हणाला होता भाडेकरू येणार म्हणून, पण एवढ्या गारठ्यात बाहेर का बसवलंय तुला? किल्ली आणायला गेलाय वाटतं नवरा?"

आमच्याकडं नवं बिऱ्हाड आलं की जुन्या शेजाऱ्यानं पहिलं जेवण घालायचं. तेच ओरुलुक. ते पोटात गेलं की माणूस त्या गल्लीचा झाला. हे जिबेकला माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? चांगलं माहीत होतं. पायरीवर गाठोड्यासकट बसलेल्या बाईला आपा दुसरं काय समजणार, हेही कळत होतं. तोंड उघडून "मी ती नव्हे" एवढंच तर म्हणायचं होतं. पण सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि त्या साराचा तो वास! तिनं रोटी मोडली आणि खाल्ली. घाईघाईनं, जीभ पोळत खाल्ली.

"खा, खा," आपा म्हणाली. "नाव काय तुझं?"

"जिबेक."

"अगं बाई, आवाज केवढा बसलाय! थंडी भरलीय छातीत. मेंढीची चरबी उकळून देते तुला रात्री."

झालं! जिबेकनं वाडगं खाली ठेवलं. "आपा, मी या घरची नाही. मला मालकानं हाकललंय. खरं कुटुंब उद्या येणारेय. आणि आवाज बसलेला नाहीये माझा. तो असाच आहे. जन्मले तेव्हा मुलगा झाला म्हणून बकरं कापलं होतं बापानं. मी मुलगी आहे. भावानं घरातून काढलंय. आता शिव्या घालायच्या तर घाला, पण लवकर घाला, मला गाडी गाठायचीय."

आपाचं तोंड उघडंच राहिलं. मग लाल झालं. "आणि हे जेवल्यावर सांगतेस?"

"भूक लागली होती."

"भूक! अगं, अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं मी! ती काल्बुबू आधीच म्हणते उर्कुयाला म्हातारचळ लागलाय म्हणून. आता काय म्हणेल? कुणाच्याही पुढ्यात ओरुलुक ठेवून आली म्हणेल! हसं केलंस माझं, हसं!" तिनं वाडगं हिसकावून घेतलं. फाटक आपटलं. मग घराचं दारही आपटलं.

जिबेकनं कुबडी टेकली. उठायला गेली तर खुब्यातून अशी चमक निघाली की परत खाली बसली. लाजेनं कान तापले होते तिचे. माणसानं इतकं खाली यावं का, चुकून वाढलेलं खावं? पण खाल्लं नसतं तर? परत उठली. गाठोडं पाठीवर घ्यायला लागली तर चादर खांद्यावरून सारखी घसरत होती.

दार परत उघडलं. आपा तिथूनच ओरडली, "भावानं काय म्हणून काढलं तुला?"

"मुलगी आहेस तर मुलींसारखी घर सोडून जा म्हणाला."

"असं का!" आपा फाटकापर्यंत आली. "आणि मुलीची पाठवणी करताना काय देतात? गाद्या, रजया, पेटी, भांडी. भिंतीला लावून रचल्या तर छतापर्यंत जातात मुलीच्या गाद्या! त्यानं काय दिलं?"

"दोन गाद्या. त्यासुद्धा मीच उचलून आणल्या."

"म्हणजे घर बळकावायला तू मुलगी आणि द्यायची वेळ आली की मुलगा? वा रे भामट्या!" आपाचा राग आता भलतीकडंच वळला होता. ती थोडा वेळ पुटपुटत उभी राहिली, समोरच्या कुंपणाकडं बघत. काल्बुबूचा रुमाल अजून तिथं दिसतच होता. मग आपानं आवाज चढवला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "चल गं, किती वेळ बसशील तिथं? तुझी खोली माझ्या अंगणात आहे, त्या घरात नाही! एवढं सांगूनही पायरी चुकलीस!"

आणि जवळ येऊन दातओठ खाऊन म्हणाली, "अंगणातली छोटी खोली रिकामी आहे. घर बांधत होतो तेव्हा आम्ही राहायचो तीत. एक पायरी आहे, फळी टाकून देते. भाडं रीतीप्रमाणं द्यायचं. आणि मला आणखी काही समजावून सांगू नकोस, मला आज एवढंच पुरे झालंय. मी ज्याला ओरुलुक घातलं तो शेजारी. उर्कुयाचं ओरुलुक चुकत नसतं."

खोलीत कोळशाची चूल पेटली. जिबेक भिंतीला टेकून बसली, गाठोडं उशाला, कोट अंगातच. सकाळ झाल्यावर म्हातारीचं डोकं ठिकाणावर येईल आणि मग? मालक काहीतरी सांगेल, काल्बुबू कान भरेल. तिनं जेन्याला फोन केला, "दुसरी जागा बघत राहा. बंद करू नकोस बघायचं." जेन्या तिकडं रडत होती की हसत होती, काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि शेजारी ट्रक लागला. नारीनचं कुटुंब. एक तरुण बाई, कडेवर मूल, गाल थंडीनं फुटलेले, आणि नवरा सामान उतरवत होता. आपाच्या कढईत सकाळपासून बोर्सोक तळणं चाललं होतं, पिठाचे ते छोटे फुगलेले गोळे. आपानं परात भरली आणि जिबेकच्या खोलीत आणून ठेवली. "जा, देऊन ये."

"मी?"

"मग कोण? त्या पायरीवर मी एकदा वाढून बसलेय, माझं झालं. ते आज आले, तू काल आलीस. जुनी शेजारीण कोण?"

"आपा, माझ्या हातचं घेतील का ते? तुम्हीच जा ना."

"ते तिथं जाऊन कळेल. इथं बसून कसं कळणार?"

"आणि परात कशी नेऊ? एक हात कुबडीला लागतो माझा."

"फडक्यात बांध, गळ्यात अडकव." आपानं इकडंतिकडं बघितलं. एवढं मोठं फडकं खोलीत एकच होतं. जिबेकनंही तिकडं बघितलं. नाही म्हणावंसं वाटलं. मग बसून तिनं गाठ सोडायला घेतली. कित्येक महिन्यांची गाठ ती, नखांनी सुटेना, दातांनी सोडवावी लागली. आईच्या गाद्या जमिनीवर मोकळ्या झाल्या. निळ्या चादरीत बोर्सोक बांधून, गळ्यात अडकवून जिबेक फळीवरून खाली उतरली.

समोरच्या कुंपणावर काल्बुबूचा रुमाल होताच. शेजारच्या दारात ती तरुण बाई उभी राहिली.

"ओरुलुक आणलंय," जिबेक म्हणाली. आवाज जसा होता तसाच काढला.

बाई तिच्याकडं बघत राहिली. ओढणी, कुबडी, हनुवटी, परत ओढणी. जिबेकनं एका हातानं गळ्यातल्या चादरीचं तोंड मोकळं करून पुढं धरलं. कडेवरच्या मुलानं मात्र हात घालून एक बोर्सोक उचललाही आणि तोंडात कोंबला. बाईला हसू फुटलं. तिनं एक मोडून खाल्ला. "तुम्ही इथल्याच का?"

"शेजारच्या," जिबेक म्हणाली. आणखी काय बोलावं सुचेना. "त्या पायरीवर बसू नका. फार गार असते."

आमच्याकडं आलेलं फडकं रिकामं परत देत नाहीत. बाई चादर घेऊन आत गेली आणि त्यात मूठभर कुरुत, गावाकडून आणलेले वाळल्या दह्याचे खारट गोळे, बांधून आली.

आपा अंगणातच उभी होती, नाही नाही म्हणत फाटकातून डोकावणारी. "घेतलं?"

"घेतलं. कुरुत दिलं."

"बघू." आपानं एक तोंडात टाकला, चघळत मान डोलावली. मग चादर झटकून तिच्याकडं बघितलं. "केवढी मळलीय ही! धुवायला टाकते. का तुला लगेच लागणार आहे?"

जिबेकचा हात चादरीच्या टोकावर होता. तो तिथंच घट्ट राहिला. उघड्या दारातून आईच्या दोन गाद्या दिसत होत्या.

"नाही," ती म्हणाली. "लगेच नाही लागणार." आणि टोक सोडलं.