ठिपके, बूट आणि मी

रविवारी दिल्लीच्या सरोजिनी नगरमध्ये आमच्या मंडळाचं हळदीकुंकू झालं. तिथे जे घडलं त्याने मी अजून सुन्न आहे...

आदल्या दिवशी माझी लेक ईरा लॅपटॉप घेऊन आली. ती नोएडाच्या एका कॉलेजात शिकते आणि तिचा प्रोजेक्ट आहे गर्दीचं सिम्युलेशन. स्क्रीनवर माणसांच्या जागी ठिपके ठेवायचे, प्रत्येकाला एकदोन नियम द्यायचे आणि सगळे मिळून काय करतात ते बघायचं.

या वेळी तिने आमचाच हॉल घेतला होता. एकच दार, दाराच्या आतच बुटांचा ढीग, आणि ठिपक्यांना नियम दोनच... बाहेर पडा, पण आधी आपले बूट घाला. तिने स्क्रीनवर आग लावली, तर सगळे ठिपके दारात लालेलाल होऊन अडकले!

"आई, यार, बूट बाहेर ठेवायला सांग ना सगळ्यांना," ईरा म्हणाली.

मी मंडळाची सेक्रेटरी. खो खो हसले. "अगं, आग लागल्यावर बूट कोण शोधतं? आमच्या बायका शिकल्यासवरल्या आहेत!" शिवाय बाहेर ठेवलेले बूट चोरीला जातात, हा आमचा दरवर्षीचा अनुभव.

तर रविवारी दिल्लीची थंडी, त्यामुळे पैठणीखाली मोजे आणि लेसवाले बूट. वाण देणं चालू असतानाच हीटरच्या वायरीतून ठिणग्या उडाल्या आणि भसकन धूर झाला. कुणीतरी ओरडलं, "चलो, चलो, बाहर निकलो!"

पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आले ती मदतीला आलेल्या ईराच्या किंचाळण्याने... "आई, बूट सोड! मागे आजी आहे!"

मी दारातच उकिडवी बसून लेस बांधत होते. माझ्यामागे पन्नासेक बायका तुंबल्या होत्या, आणि त्यांच्या रेट्याने माझ्या पाठीवर दाबल्या गेल्या होत्या माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी.

बूट फेकला आणि त्यांना ओढतच बाहेर काढलं. तोवर कुणीतरी मेन स्विच बंद केला, धूर विरला. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण एवढी शिकलेली मी, आणि ठिपक्यांच्या त्याच दोन नियमांत बसले!

घरी आल्यावर मी सासूबाईंसमोर रडले. "आई, चुकले हो. माझ्या बुटापायी तुमचा जीव गेला असता."

 त्या हळूच म्हणाल्या, "मी तरी कुठे तुला ऊठ म्हटलं? मी माझ्या सपाता शोधत होते गं."

ईरा, तुझे आभार कसे मानू... बूट काय, सरोजिनीच्या बाजारात ढिगाने मिळतात.