पालथ्या लॅपटॉपची डावी बाजू

रेघाताईंना स्वस्थ बसलेलं त्यांच्या नवऱ्यानंसुद्धा फारसं पाहिलेलं नाही. बत्तीस वर्षं त्या इमारतींचे नकाशे काढतायत. पहिली अकरा वर्षं शाईच्या पेननं, उंच टेबलाशी उभं राहून. मग कॉम्प्युटर आला, पण उभं राहायची खोड गेली नाही. अजूनही जेवणाच्या टेबलावर चार जाड फायली रचून त्यावर लॅपटॉप ठेवतात आणि या पायावरून त्या पायावर करत काम करतात. ऑफिसात कुणीतरी गमतीनं रेघाताई म्हणालं, ते चिकटलं. खरं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलंय.

ऑफिसनं नकाशेवाल्यांची खोली बंद करून सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हा हा लॅपटॉप ताईंनी हट्टानं मागून घेतला. नऊ वर्षांचं धूड. मोबाइल वर्कस्टेशन म्हणतात त्याला, पण मोबाइल म्हणावं असं त्यात काही नाही. चार्जर विटेएवढा, आणि मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येतात. नवरा त्याला ट्रंक म्हणतो. नवा घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण ताई कुणाचं ऐकतील तर शपथ.

त्या दिवशी सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. गावाबाहेर एका छोट्या दवाखान्याचं बांधकाम चाललं होतं. पहिल्या मजल्याच्या स्लॅबमध्ये नळांसाठी सहा भोकं सोडायची होती, आणि ती कुठं सोडायची तो नकाशा ताईंनी चार दिवसांपूर्वी पाठवला होता. आज चार वाजता काँक्रीटची गाडी लागणार होती. एकदा काँक्रीट पडलं की पडलं. आणि नेमकं आजच त्यांच्या मनानं घेतलं होतं की त्या नकाशात काहीतरी चुकलंय. काय चुकलंय, ते मात्र हाताला लागत नव्हतं. कागदावर पाहिलं तर सगळं जिथल्या तिथं.

बारा वाजता न राहवून त्यांनी साइटवरच्या इंजिनिअरला फोन केला.

"शंका म्हणजे कसली शंका, ताई?"

"भोकांबद्दल. काहीतरी चुकतंय असं वाटतंय."

"वाटतंय म्हणून गाडी परत पाठवू? माणसं खोळंबलीत इथं. नेमकं काय ते सांगा, त्या क्षणी थांबवतो. पण चारच्या आत सांगा."

त्याचं म्हणणं रास्त होतं, म्हणून तर ताईंना जास्त राग आला.

इमारतीचं पूर्ण मॉडेल त्यांच्याकडे आलेलं होतं. ते उघडलं असतं तर खोल्याखोल्यांतून फिरून बघता आलं असतं. पण ट्रंक निम्म्यावर यायची, 'मेमरी अपुरी' म्हणायची आणि मॉडेल बंद करून मोकळी व्हायची. तीनदा झालं, चारदा झालं. धाकट्या भावानं मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या पाठवल्या होत्या, त्या आज बसवू उद्या बसवू करत खणात पडून होत्या. त्याचं दूरच्या शहरात दुरुस्तीचं दुकान आहे. दीड वाजता ताईंनी त्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

लॅपटॉप पालथा केला, झाकण काढलं. स्क्रू बशीत ठेवायचे ठरले होते, त्यातले दोन खुर्चीखाली गेले. जुनी पट्टी काढून नव्या दोन्ही बसवल्या, झाकण नुसतंच टेकवलं, लॅपटॉप सरळ करून बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला आणि पडदा काळा तो काळाच.

"दोन्हीतली एक खराब असणार," भाऊ म्हणाला. "काढ दोन्ही. आता एकेक पट्टी घालून बघ. एकटी असली तर डाव्या खाचेतच घालायची, उजवीत चालत नाही. हे मॉडेल असंच आहे."

ताईंनी पालथा केला, पहिली पट्टी डाव्या खाचेत घातली, सरळ केला, बटण दाबलं. काळा. पालथा केला, दुसरी घातली, सरळ केला. काळा.

"जुनी घालून बघ."

जुनीही घातली. सकाळपर्यंत याच पट्टीवर चालणारी ट्रंक आता हूं की चूं करेना. घड्याळात सव्वातीन वाजले होते. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मॉडेल राहिलं बाजूला, लॅपटॉपच हातचा गेला होता.

नवरा चहा घेऊन आला. "जरा टेक तरी," म्हणाला.

"टेकायची वेळ आहे का ही?" ताई त्याच्यावर उखडल्या आणि खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या.

"ताई, एक विचारू?" फोनमधून भाऊ म्हणाला. "डावी खाच म्हणजे कुठली घेतलीस?"

"डावी म्हणजे डावी. माझ्या डाव्या हाताची."

"लॅपटॉप पालथा असताना?"

"मग काय सरळ असताना घालू? भोक पाडून?"

"अगं, मग उजवीत घातल्यास तू सगळ्या! आमच्या दुकानात डावं-उजवं नेहमी समोर बसणाऱ्याचं. गिऱ्हाईक डावीकडचं बटण म्हणतं, तेच आमचं डावं. लॅपटॉप पालथा केला, उभा केला, तरी डाव्याचं नाव बदलत नाही. पान उलटावं तसा पालथा केलास की ती तुझ्या उजव्या हाताला येते."

"मग आधी सांगायचं नाही का, कुठून बघतोयस ते!" ताई ओरडल्या आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ऑफिसात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला त्यांनी याच एका वाक्यानं छळलं होतं. कुठून बघताय ते आधी सांगा, मग रेघ मारा.

त्यांनी कागदांचा गठ्ठा उपसला. नळकाम करणाऱ्यानं सहा भोकांच्या जागा हातानं काढून दिल्या होत्या, तो चुरगळलेला कागद शोधला. त्यावरूनच त्यांनी नकाशा केला होता. कागदावर ठरावीक अंतरानं काळे ठिपके होते. चार दिवसांपूर्वी त्यांना ते ग्रीसचे डाग वाटले होते. आता त्यांनी ते मोजले. सरळ तीन रांगा. डाग कधी रांगेत पडत नाहीत.

ते टेकू होते. स्लॅबच्या फळ्यांना खालून दिलेले. वर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाहीत. नळवाला तळमजल्यावर उभा राहून, मान वर करून, जसं दिसेल तसं काढत गेला होता, आणि ताईंनी ते वरून बघितल्यासारखं उतरवलं होतं. डावं सगळं उजवीकडे. संडासाचे नळ सामानाच्या खोलीत उतरायचे, ते डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावर उतरणार होते.

भावाचा फोन त्यांनी न सांगताच तोडला आणि इंजिनिअरला लावला.

"थांबवा. सहाही भोकं उलट्या बाजूला आहेत. नळवाल्यानं खालून काढलंय, मी वरून धरलं."

"मॉडेलमध्ये बघितलंत?"

"नाही. लॅपटॉप बंद आहे. पण नक्की आहे, तुम्ही थांबवा."

 तो फोन तोंडापासून दूर धरून कुणावर तरी ओरडला, "काँक्रीटचा पाइप जोडू नका! गाडी बाजूला घ्या!" आणि ताईंना म्हणाला, "नवा नकाशा?"

"पाचपर्यंत देते," ताई म्हणाल्या. टेबलावर ट्रंकेची आतडी बाहेर पडलेली होती.

घाईत पट्टी दोनदा निसटली. पण यावेळी खरी डावी खाच धरली आणि दुसऱ्या पट्टीला पडदा उजळला. ताईंनी उभ्याउभ्या सहा भोकं फिरवली, मापं पुन्हा घातली, नळवाल्याला फोन करून एकेक भोक त्याच्या तोंडून वदवून घेतलं. पाचला दहा मिनिटं होती.

राहिली कोपऱ्यातली बदलांची चौकट. नकाशा बदलला की तिथं कारण लिहावं लागतं आणि ते सगळ्यांना जातं: आर्किटेक्टला, मालकाला, ऑफिसला. मालकाचा बदल, आर्किटेक्टचा बदल, साइटवरचा बदल, असं बत्तीस वर्षांत त्यांनी शेकडो वेळा लिहिलं होतं. आज त्यांनी लिहिलं, 'नळवाल्याच्या कागदावर बाजू लिहिलेली नव्हती.'

यात खोटं काही नव्हतं. कुणी ब्र काढला नसता. ताईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. विचारायचं काम त्यांचं होतं, नळवाल्याचं नव्हतं.

त्यांनी ते खोडलं, त्या जागी 'नकाशा काढणारीची चूक' असं लिहिलं आणि मन बदलायच्या आत पाठवून दिलं.