आरशातलं चित्र

आमच्या जुन्या टीव्हीचं चित्र सारखं वर सरकत होतं. मागचं बटण फिरवताना पडदा दिसावा, म्हणून यांनी मला टीव्हीसमोर आरसा धरून उभं केलं.

"काय होतंय तुला?" टीव्हीमागून इतक्या मायेनं आवाज आला, की मी "खांदा दुखतोय" म्हणणारच होते. पण प्रश्न टीव्हीला होता.

मला त्या खोक्याचा हेवा वाटला. बिघडलेल्या वस्तूची घरात केवढी विचारपूस होते! रोज मुकाट चालत राहणाऱ्या बाईकडे कोण बघतं?

अखेर चित्र थांबलं. पडद्यावरची निवेदिका हसली.

"आता कशी छान दिसतेस!" हे तिला म्हणाले.

"आणि मी?" मी विचारलं.

आरशावरची नजर न काढता हे म्हणाले, "तू हलू नकोस."