पाहिले. समास सोडलेला नाही.

माझ्या नातीच्या शाळेत मी कोणालाही रडवलेले नाही.

हे वाक्य लिहून ठेवावे लागते, याचे कारण आमचे चिरंजीव नितीन. ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात कोणी ओळखीचे मराठी कुटुंब भेटले की जिलबीचे वजन होईपर्यंत तो ही हकिकत सांगून घेतो, आणि दर खेपेस तीत एक शिक्षिका अधिक रडते. आमच्या सौभाग्यवतींची आवृत्ती निराळी. तीत रडणे कमी आणि खुर्ची जास्त असते. (खुर्चीकडे मी यथावकाश येईन.) मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि माझी सारी हयात अहवाल लिहिण्यात गेली आहे. शिवाय घटनास्थळी मी स्वतः उपस्थित होतो. तेव्हा अधिकृत अहवाल माझाच धरावा.

२०१६ साली आम्ही उभयता नितीनकडे ऑकलंडला, हिल्सबरोच्या घरी, चांगले लांबलचक राहायला गेलो होतो. नितीन पहाटेच ईस्ट टामाकीच्या गोदामात कामावर जाई, सूनबाई ऋतुजा एका दवाखान्यात स्वागतिकेचे काम करी, आणि नात इरा शाळेत जाई. घरात उरत असू आम्ही दोघे आणि एक टॅब्लेट. या टॅब्लेटवर ऋतुजाने मला शाळेचे ॲप उघडून दिले. तेथे पालकांना मुलांच्या अभ्यासाची खबर मिळण्यासाठी प्रगतिपुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. वर्गात मुले आपापल्या कामाचे फोटो काढून ॲपवर टाकतात, बाई खाली एखादी ओळ लिहितात, आणि मूल अजून शाळेत असतानाच त्याने काय केले ते घरी दिसते.

"आबा, तुमचा वेळ छान जाईल," ऋतुजा म्हणाली. वेळ जाण्यासाठी मी शाळा पाहत नसतो, हे मी तिला तेव्हाच सांगायला हवे होते.

पहिल्या आठवड्यातच माझ्या मनात शंका आली. इराच्या बाई, मिस हॅना, लिहीत: इरा मन लावून ऐकते, इरा मैत्रिणींशी प्रेमाने वागते, इराने आज धीटपणे नवा प्रयत्न केला. गुण नाहीत, क्रमांक नाही, पाढ्यांचा उल्लेख नाही. ही भाषा माझ्या चांगल्या परिचयाची आहे. सरपंचांच्या चिरंजीवांना बेरीज येत नसे तेव्हा त्यांच्या प्रगतिपुस्तकात मीही 'स्वभाव प्रेमळ' असेच लिहीत असे. म्हणजे पोरीला काही येत नाही आणि शाळा ते घरापासून लपवते आहे, असा निष्कर्ष मी काढला. कोणताही अनुभवी मुख्याध्यापक तोच काढील.

प्रत्येक फोटोखाली लिहायला एक कोरी चौकट होती. मुलाच्या कामाखाली कोरी जागा कशासाठी असते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मी शेरे लिहू लागलो. (अर्थात इंग्रजीत. येथे मराठी तर्जुमा देतो.)

इराने घराचे चित्र काढले. मी लिहिले: 'पाहिले. समास सोडलेला नाही.' वर्गाने खोलीची लांबी जॅंडलने मोजली. तेथे रबरी चपलेला जॅंडल म्हणतात. मी लिहिले: 'पाहिले. मापाचे एकक प्रमाणित नाही. जॅंडल कोणाची?' एका फोटोत इरा अनवाणी वाळूत खेळत होती. मी लिहिले: 'पादत्राणे कोठे आहेत? खुलासा व्हावा.'

आणि नवल म्हणजे, शेऱ्यांची अंमलबजावणी होऊ लागली. पुढच्या चित्राला चारही बाजूंनी लाल समास आखलेला. खोली पुन्हा मोजली, ती पट्टीने. पुढच्या फोटोत इरा वाळूत बूट-मोजे घालून, एखाद्या लग्नघरी आल्यासारखी उभी, आणि तिच्या मागे सगळा वर्ग अनवाणी हुंदडतो आहे. मी समाधानाने लिहिले: 'सुधारणा दिसते. पाढे केव्हा सुरू होणार?' सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही निवृत्त झालात ना?" मी म्हणालो की मुख्याध्यापक नोकरीतून निवृत्त होतो, दृष्टीतून नव्हे. हे वाक्य मला अजूनही आवडते.

मग एकाएकी इराचे फोटो येईनासे झाले. इतर मुलांबरोबर ती दिसे, पण तिचे स्वतःचे चित्र नाही, गणित नाही, काही नाही. शाळेत शिथिलता आली, असे मी समजलो आणि एक सर्वसाधारण स्वरूपाचा, किंचित कडक शेरा लिहिला.

त्याच दुपारी ऋतुजा इराला घेऊन घरी आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. शाळेच्या फाटकाशी मिस हॅनाने तिला गाठले होते. समासाचे आम्ही मनावर घेतले आहे, पाढे पुढच्या सत्रात घेऊ, तुमच्या मनात आणखी काय आहे ते सविस्तर बोलू या, म्हणून बुधवारच्या पालकभेटीला उपमुख्याध्यापकही बसतील, असे बाई अजिजीने सांगत होत्या. ऋतुजाला त्यातले अक्षर कळले नव्हते. पण समोर शिक्षक बोलत असला की आपल्याकडच्या माणसाची मान आपोआप हलते, तशी ती हलवून आली होती.

"आबा, समासाचं काय प्रकरण आहे?"

"ते होय," मी म्हणालो. "ते मी लिहिलं."

"कुठे लिहिलंत?"

मी टॅब्लेट पुढे केला. ऋतुजा वरून खाली वाचत गेली आणि मग खुर्चीत बसली.

"आबा, हे माझ्या नावाने जातंय. प्रत्येकाखाली माझं नाव आहे, हे बघा. आणि ही काही इराची वही नाही. हे बाईंना दिसतं. बाई घरून आलेलं सगळं रोज सकाळी वर्गात मोठ्या पडद्यावर लावतात. मुलं वाचतात."

"इराही?"

"इराही."

नितीनच्या आवृत्तीत या ठिकाणी मी 'उत्तम, सर्वांनाच लाभ होईल' असे म्हणतो. हे धादांत खोटे आहे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली होती: पोरीचे फोटो येणे का थांबले असावे. सात वर्षांचे मूल. सकाळी सगळ्या वर्गादेखत पडद्यावर आपले घर, आणि त्याखाली आपल्या आईच्या नावाने 'समास सोडलेला नाही'. मी इराकडे पाहिले. ती शांतपणे केळे खात होती. विचारायचा धीर मला झाला नाही, आणि मी धीर न होणाऱ्यांपैकी नाही.

बुधवारी सगळेच निघालो. गाडीत ऋतुजाने मला बजावले, "आबा, इथे त्या भेटीत मूलच सगळं सांगतं. आपण फक्त ऐकायचं."

"मी मुख्याध्यापक होतो, ऋतुजा."

"म्हणूनच सांगतेय."

वर्गात मुलांच्या बैठ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. शेजारी उपमुख्याध्यापक उभे होते: धिप्पाड, गंभीर, आणि अर्ध्या चड्डीत. (अर्ध्या चड्डीतला शिक्षणाधिकारी मी प्रथमच पाहत होतो. शेरा ओठांवर आला होता. गिळला.) ते "किया ओरा" म्हणाले, मी नमस्कार केला, आणि आम्ही त्या खुर्च्यांत उतरलो. बसलो म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

मिस हॅना ही कोवळी, उत्साही मुलगी निघाली. तिने मांडीवर पट्टी ठेवली होती, बहुधा मोजमापाचा पुरावा म्हणून. ती ऋतुजाकडे वळून म्हणाली की आपल्या सूचनांबद्दल आम्ही आभारी आहोत. ऋतुजाचा चेहरा मला पाहवेना. मी म्हणालो, माझ्या सर्वोत्तम इंग्रजीत, "मॅडम, ते सर्व शेरे माझे आहेत."

बाईंनी मांडीवरची पट्टी खाली ठेवली.

"सगळे?" बाईंनी विचारले.

"सगळे."

"जॅंडलचासुद्धा?"

"विशेषतः जॅंडलचा."

मिस हॅनाने दोन्ही हातांत तोंड लपवले आणि तिचे खांदे हलू लागले. नितीनला जे रडणे दिसले ते हेच. परंतु हयातभर वर्गात उभे राहिलेल्या माणसाला हसणारे मूल आणि रडणारे मूल पाठीमागूनही ओळखता येते. ती हसत होती. पुढे तिने सांगितले की इराच्या आईला आपली शिकवण्याची पद्धत मुळीच पसंत नाही आणि ती मुलीला दुसऱ्या शाळेत घालणार, अशी तिची खात्री झाली होती. त्या धास्तीने ती शनिवारी बसून समास आखत होती. आता ती ऋतुजाचा हात धरून हसत होती, ऋतुजाही हसत होती, आणि अर्ध्या चड्डीतले गृहस्थ खिडकीबाहेर फार लक्षपूर्वक पाहत होते.

मला मात्र हसू येईना. मी इराला जवळ बोलावले.

"इरा, तुझी चित्रं यायची का थांबली गं? माझ्यामुळे?"

"आबा, आय वॉज बिझी," ती म्हणाली.

"कशात?"

"चेकिंग."

तिने माझे बोट धरून मला भिंतीकडे ओढले. (याच क्षणी मी खुर्चीतून उठलो. खुर्चीही माझ्याबरोबर उठली, हे खरे आहे. परंतु ती अडकली होती आणि उपमुख्याध्यापकांनी ओढून काढली, ही सौभाग्यवतींची भर आहे. ती आपली आपण सुटली.) भिंतीवर साऱ्या वर्गाची चित्रे लावलेली होती, आणि प्रत्येकाखाली लाल खडूच्या अक्षरांत एक चिठ्ठी. एका कुत्र्याखाली होते: 'सीन. नो मार्जिन. बट गुड डॉग.' ('सीन' म्हणजे माझेच 'पाहिले'.) एका जहाजाखाली: 'सीन. व्हेअर आर द शूज? बट नाइस सी.' सर्वांखाली इराची सही, आणि तिच्याखाली माझ्या सहीखाली असते तशी दुहेरी रेघ.

"दे ऑल वॉन्ट वन," इरा म्हणाली. "एव्हरी डे. आय गेट नो टाइम फॉर माय ओन."

बाईंनी दुजोरा दिला. पडद्यावर पहिला शेरा आला तेव्हाच इराने उभे राहून सांगितले होते की हे ममाचे नाहीच, हे आबांसारखे आहे, आबा वर्तमानपत्रालाही असेच करतात. (करतो.) बाईंना ते पटले नव्हते, मुलांना पटले होते. तेव्हापासून शेरा मिळाल्याखेरीज कोणी चित्र पूर्ण झाले असे मानत नव्हते. 'बट'च्या पुढचा भाग मात्र इराचा स्वतःचा होता. तो मी तिला शिकवलेला नव्हता.

येताना मला इतके हलके वाटत होते की गाडीत मी नितीनला लेन बदलण्याबाबत एकही सूचना केली नाही.

मिस हॅनाने मला माझ्या स्वतःच्या नावाने ॲप उघडून दिले, आणि माझे काम रीतसर सुरू झाले. तेव्हा नितीनच्या रडणाऱ्या शिक्षिका, उपमुख्याध्यापकांची ओढाताण, या साऱ्या दंतकथा आता निकालात निघाल्या असे मी समजतो. खुर्चीबाबत मात्र एक तांत्रिक अडचण आहे. त्या दिवशी इराने शाळेच्या टॅब्लेटवर एक फोटो काढून ॲपवर चढवला होता. कोणी वयस्क गृहस्थ पाठमोरे उभे आहेत, त्यांच्या मागे एक लहानशी निळी खुर्ची घट्ट बसलेली आहे, आणि एक धिप्पाड माणूस ती दोन्ही हातांनी ओढतो आहे. खाली इराने लिहिले आहे की आबा उभे राहायला शिकत आहेत. तो मी पाहिला तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सकाळची घाई होती, चष्मा जवळ नव्हता, आणि हाताला सवय. त्यामुळे त्याखाली, प्रथमच माझ्या स्वतःच्या नावाने, माझा शेरा आहे:

'पाहिले. बरोबर.'