मायनसबाई आणि बर्फातला एकटा माणूस

कोल्ड स्टोरेजमध्ये सतरा वर्षं काढल्यावर बाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना मायनसबाई म्हणत. मायनस बावीस डिग्रीच्या खोलीत गोठलेले वाटाणे, मक्याचे दाणे आणि मासे यांची खोकी लावायची, हलवायची, गाडी आली की बाहेर काढायची, हे त्यांचं काम. कुणी सहज "काय बाई, कसं काय?" म्हणून विचारलं, तरी त्यांच्या तोंडून सवयीनं "मायनस बावीस" निघून जायचं.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. दिवसभर आगीसमोर राहिल्यामुळे घरी आला की त्याला हुडहुडी भरे आणि तो स्वेटर चढवून बसे. बाईंना घर म्हणजे भट्टी वाटे. त्या पंखा पाचवर ठेवून खाली जमिनीवर आडव्या होत. एकाच खोलीत एक जण कानटोपी घालून आणि दुसरी पदरानं वारा घेत जेवतेय, हे बघून शेजारचे म्हणत, या घरात दोन ऋतू भाड्यानं राहतात.

बाईंना वाचनाची चटक लागली ती नियमामुळे. चाळीस मिनिटं आत काम केलं की वीस मिनिटं गरम खोलीत बसायचं, हा कोल्ड स्टोरेजचा नियम. गरम खोली म्हणजे एक हीटर, दोन बाकं आणि चहाचा थर्मास. बरोबर जोडीदार असे, त्याला सगळे मिशीवाला म्हणत. सुरुवातीला गप्पा चालत. पण मिशीवाल्याच्या मेहुण्यानं जागा कशी बळकावली हे अथपासून इतिपर्यंत चारदा ऐकून झाल्यावर बाईंनी वाचनालयाचा रस्ता धरला. तिथं त्यांना एक पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर नुसता बर्फ आणि मधोमध ठिपक्याएवढा माणूस. आपल्याच धंद्यातलं दिसतंय, असं म्हणून त्यांनी ते उचललं.

ती विज्ञानकथा होती. यान कोसळून एक माणूस बर्फाच्या ग्रहावर एकटाच उरलेला. दोनशे चौदा पानं तो चालतो आणि मेलेल्या बायकोच्या आठवणी काढतो. एकतिसाव्या पानावर त्यानं हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी तिच्या फोटोची धातूची चौकट पुसली. बाई एवढ्या जोरात हसल्या, की मिशीवाला झोपेतून दचकून उठला.

"काय झालं?"

"अरे, बोटं चिकटून बसतील की!"

"कुणाची?"

"याची. फोटोला. नवरा-बायको आता कायमचे एकत्र."

त्या दिवसापासून बाई पेन्सिल घेऊन वाचायला बसू लागल्या. वाचनालयात बर्फाळ ग्रहांचा तोटा नव्हता. गोठलेले समुद्र, बंद पडलेली याने, हजार वर्षांचा हिवाळा. आणि प्रत्येकात एक उदास माणूस. बाई समासात लिहीत. 'कातडं सुटून येईल.' 'एवढं लांब वाक्य थंडीत बोलून दाखवा.' 'दाढीत बर्फ कसा नाही? सकाळी दाढी केली का?' 'तीन दिवस झाले, हा लघवीला कधी जाणार?'

तीन महिन्यांनी ग्रंथपालबाईंनी त्यांना टेबलापाशी बोलावलं. चष्म्याला साखळी, आवाजाला धार, असं प्रकरण होतं ते. मायनसबाईंनी दंडाची तयारी ठेवली.

"हे उद्योग तुमचे?"

"हो. पण पेन्सिलीनं केलेत."

"त्या ग्रहाच्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत आमच्याकडे. एक कोरी, एक तुमची. लोक तुमचीच मागतात. कोरी धूळ खातेय." ग्रंथपालबाईंनी चष्मा खाली केला. "येत्या रविवारी दुपारी ते लेखक इथं व्याख्यानाला येणार आहेत. काय सांगायचं ते त्यांना तोंडावर सांगा आणि माझी पुस्तकं सोडा."

रविवारी बाई नवऱ्याला घेऊन गेल्या. चाळीस खुर्च्यांवर पंचवीस-तीस माणसं होती. लेखक बुटका, किरकोळ अंगाचा. खिडकीतून ऊन येत असताना गळ्याला मफलर. विषय होता 'विज्ञानकथेतली थंडी'. आवाज मात्र छान होता त्याचा.

"मला एकटेपण लिहायचं असलं की मी थंडीकडे जातो," तो म्हणाला. "वाळवंटात निदान वाळू हलते. जंगलात काहीतरी ओरडतं. बर्फात सगळं थांबलेलं असतं. रंग नाही, वास नाही. माणसाचा श्वास तेवढा हलताना दिसतो, आणि तोही त्याला सोडून चाललेला असतो. यान म्हणजे तरी काय? थंडीच्या समुद्रात तरंगणारा एक उबदार डबा. त्याचं दार उघडून माणूस बाहेर पडला, की त्याची हाक ऐकायला कुणी उरत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं स्वेटरच्या बाहीनं डोळे टिपले. तो तसा हळवाच होता. "कुणाला काही विचारायचंय?" असं म्हणून ग्रंथपालबाईंनी सरळ मायनसबाईंकडेच पाहिलं. बाई उठल्या.

"सर, तुमच्या ग्रहावर मायनस किती?"

"अं? साठ धरा."

"आणि माणूस एकटा?"

"एकटा. तोच तर मुद्दा आहे."

"मग तो पहिल्याच प्रकरणात मेला. पुढचं कोण चालतंय?"

सभागृह खो-खो हसलं. बाई मात्र गंभीर होत्या. "चेष्टा नाही करत, सर. मी मायनस बावीसमध्ये काम करते. तिथं एकट्याला जाऊच देत नाहीत. दुसरा माणूस आल्याशिवाय आम्ही दाराला हात लावत नाही. का, तर आपलं नाक पांढरं पडायला लागलेलं आपल्याला कळत नाही, ते समोरच्याला दिसतं. थंडीत माणसाला माणूस लागतोच. एकटेपण बघायचं तर गरम खोल्यांत बघा. तिथं कुणालाही खुशाल एकटं सोडतात."

लेखक मफलर सैल करत म्हणाला, "बाई, खरं सांगू? मी सरबतातला सोडून दुसरा बर्फ पाहिलेलाच नाही. मला दाखवाल तुमची खोली?"

मॅनेजरला आधी हे खूळच वाटलं, पण लेखकाबरोबर फोटो मिळणार म्हटल्यावर तो विरघळला. मंगळवारी सकाळी लेखकराव हजर झाले. त्यांच्या मापाचा सूट नव्हता. मिशीवाल्याचा जाड सूट चढवल्यावर पँटचा मधला भाग गुडघ्यापाशी आला.

"अंतराळवीर दिसतोय का मी?" त्यांनी विचारलं.

"गुंडाळलेली गादी दिसताय," बाई म्हणाल्या. "चला. पेन ठेवा खिशात, आत चालणार नाही."

दार सरकलं आणि लेखकरावांनी पहिला श्वास घेतला. नाकातले केस ताठ झाले तसे त्यांचे डोळे विस्फारले. आत छतापर्यंत रॅक, रॅकवर खोकी आणि वर पंख्यांची अशी घरघर, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. बाईंनी त्यांना हाताला धरून फिरवलं. थोड्या वेळानं त्यांनी बाईंच्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "पाच मिनिटं मला एकट्याला राहू द्या!"

बाईंनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. लेखकरावांनी हात जोडले. शेवटी बाई ओरडल्या, "मी पाठ करून उभी राहते! समजा मी नाहीच!"

लेखकराव वाटाण्यांच्या रॅकपलीकडे गेले. बाई पाठ करून उभ्या राहिल्या. आणि तेवढ्यात पंखे थांबले. पात्यांवर साचलेला बर्फ काढायला ते दिवसातून काही वेळा बंद होतात, त्यात नवल काही नव्हतं. पण अशा वेळी बाईंच्या हाताला नेहमी काम असे. हातात खोकं नाही, तोंडासमोर माणूस नाही आणि कानावर आवाज नाही, अशा त्या या खोलीत सतरा वर्षांत पहिल्यांदाच उभ्या होत्या.

त्यांना थोरली आठवली. थोरली म्हणजे त्यांची मिशीवाल्याच्या आधीची जोडीदार. दारातून जेमतेम मावेल अशी धिप्पाड बाई. अकरा वर्षं दोघी इथं बरोबर होत्या. घरघरीत बोलता येत नसे, तोंडावर पट्टी, म्हणून दोघी हातांनी बोलत. 'जड आहे' आणि 'साहेब आला' यापासून सुरुवात झाली आणि हळूहळू त्या खुणांत सासू, मुलाची परीक्षा, पाहिलेला सिनेमा, दुखणारी दाढ, सगळं येऊ लागलं. जाड हातमोज्यांतून थोरली अशी नक्कल करायची, की हसून बाईंच्या पापण्यांवर बर्फ जमायचा.

सहा वर्षांपूर्वी थोरली निवृत्त झाली आणि बसनं पाच तासांवर, मुलीकडे राहायला गेली. मग फोन. पण फोनवर गाडी कधी पुढे सरकलीच नाही. "बरी आहेस?" "बरी. तू?" "बरी." "ठेवू?" "ठेव." दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न ठरलं तेव्हा बाईंनी मोठ्या हौसेनं थोरलीला फोन लावला. थोरलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरेरे." बाईंच्या ते असं जिव्हारी लागलं, की त्यांनी पुन्हा फोन केला नाही. तिचाही आला नाही.

आता त्या शांततेत बाईंच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात आपोआप वर आलाय आणि हवेत 'चहा घ्यायचा का?' असं विचारतोय. समोर माशांची खोकी होती.

कुणीतरी कोपर धरलं. लेखकराव होते. भुवया पांढऱ्या झालेल्या, बोट दाराकडे. पाच मिनिटांपैकी अजून साडेतीनच झाली होती.

गरम खोलीत त्यांना धड बोलता यायला चहाचे दोन कप लागले. "बाई, मला एकटं वाटलंच नाही," ते म्हणाले. "नुसती भीती वाटली. सारखा रॅकमधून डोकावून बघत होतो, तुमची पाठ आहे ना जागेवर."

"मला वाटलं," बाई म्हणाल्या.

"काय वाटलं?"

"एकटं." आणि मग थर्मासकडे बघत त्यांनी थोरलीची सगळी कथा सांगितली, अगदी त्या 'अरेरे'पर्यंत. कोपऱ्यात मिशीवाला डोळे मिटून ऐकत होता.

"मग जाऊन भेटा ना तिला," लेखकराव म्हणाले.

"जाऊन बोलू काय?"

"ते मला काय विचारता? माझा माणूस दोनशे चौदा पानं फोटोशी बोलतो!"

शनिवारी बाईंनी बस पकडली. नवऱ्यानं पावाची पिशवी बरोबर दिली आणि बसमध्ये गारठशील म्हणून स्वतःचा स्वेटरही. बाईंनी तो मांडीवर घेऊन पाच तास घाम पुसला.

थोरलीनं दार उघडलं. केस पिकले होते, पण दार अजूनही तिनं भरून जात होतं. "ये," ती म्हणाली. दोघी बसल्या. "बरी आहेस?" "बरी. तू?" "बरी." मुलीनं चहा आणला. मग जावई आला आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलू लागला. टाकी कुठून आणली, गच्चीवर कशी चढवली, गळती कुठं आहे, प्लंबर कसा लबाड. पाऊण तास झाला. थोरली त्याच्याकडे शांतपणे बघत होती. एकाएकी तिनं मांडीवरचे दोन्ही हात वर घेतले, हवेत एक खोकं धरलं, ते उलटंपालटं करून पाहिलं आणि जावयाकडे हनुवटी उडवत दोन्ही हातांनी दाराबाहेर ढकललं.

कोल्ड स्टोरेजमध्ये याचा अर्थ एकच होता: माल खराब आहे, परत पाठवा.

बाईंच्या तोंडातला चहा नाकात गेला. ठसका आवरताच त्यांचेही हात उठले. मग सहा वर्षांचं तुंबलेलं सगळं हातांवाटे बाहेर पडलं. मिशीवाल्याचा मेहुणा, ग्रंथपालबाई, बोटं चिकटलेला नायक, गादीत गुंडाळलेला लेखक. मुलगी दारात उभी राहून बघत राहिली. "आई, अगं तोंडानं बोला ना!"

"बोलतोच आहोत की," थोरली म्हणाली.

रडवेलं हसू आवरत बाईंनी शेवटी तोंडानं विचारलंच, "माझ्या मुलाचं लग्न ठरलं, तर तू 'अरेरे' का म्हणालीस गं?"

थोरलीनं कानामागे हात नेला. "काय?"

बाईंनी खुणेनं विचारलं: हार, मुंडावळ्या, मुलगा. मग थोरलीनं काय म्हटलं होतं, तेही.

थोरलीचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला, आणि मग ती हसत सुटली. "लग्न? अगं, मला वाटलं कुणीतरी गेलं! पंख्यांनी कान खाल्ले माझे. फोनवर तुझं अर्धं ऐकूच येईना. लाज वाटायची सांगायला, म्हणून नुसतं बरी बरी करायचे. पुढे तू फोन केला नाहीस, तेव्हा वाटलं, दुःखात असेल बिचारी."

त्या रात्री मुक्काम झाला. सकाळी बाई थोरलीला हट्टानं कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मशीन बसवायला ती राजी होईना. तिचं म्हणणं सरळ होतं: मशीन बसवलं तर जावई ऐकू येईल. बाईंनी मशीन बंद करायचं बटण कुठं असतं ते दाखवल्यावर ती तयार झाली.

आता दर रविवारी दोघी व्हिडिओ कॉल करतात. फोन डब्याला टेकवून उभा ठेवला, की चारही हात मोकळे. तासभर घरात चकार शब्द निघत नाही, मधूनच बाई एकट्याच हसत सुटतात आणि नवरा कानटोपी सारखी करून विचारतो, "काय म्हणतेय?"

वर्षभरानं लेखकरावांचं नवं पुस्तक आलं. तोच ग्रह, तीच थंडी, पण आता बर्फात माणसं दोन होती आणि एक दुसऱ्याच्या नाकावर लक्ष ठेवून होता. काही जुने वाचक नाराज झाले, पूर्वीसारखं रडू येत नाही म्हणाले. नवऱ्याला मात्र आलं. बाईंनी ते गरम खोलीत दोन बैठकांत संपवलं आणि मिशीवाल्याच्या हातात दिलं. "वाच," त्या म्हणाल्या, "तुझा सूट आलाय यात."