उलटी मडकी

नव्या इमारतीचं छत किती उष्णता आत सोडतं, याचाही आता नियम आहे. बारामतीत बांधकामं त्या नियमाप्रमाणे तपासून मंजुरीचा शेरा देणं हे माझं काम. त्या शेऱ्यानं मी एकदा सूड घेतला, तो लिहून टाकतो.

आबा, म्हणजे माझे वडील, मिस्त्री होते. इंदापूरला एका शाळेच्या स्लॅबवर त्यांनी उलटी मडकी मांडली होती. वरून विटांचे तुकडे आणि चुना घातला की खालची खोली गार राहते. ठेकेदारानं साऱ्या मजुरांसमोर विचारलं, "मडक्यांचं दुकान मांडलंय का रं?" आणि ती आबांनाच खाली फेकायला लावली. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करायचो. एकेक मडकं माझ्यासमोर येऊन फुटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच ठेकेदाराचा जळोचीतला दवाखाना तपासायला गेलो, तर स्लॅबवर उलटी मडकी. तीच मांडणी.

"सायेब, तुमच्या आबांचीच रीत हाय," तो म्हणाला. "तवा अक्कल न्हवती मला. नियमात बसंल न्हवं?"

बसत होतं. थराची चाचणी करून दाखला जोडला की काम झालं असतं. मी ठेकेदाराला ते सांगितलं नाही, म्हणालो,

"तात्या, मडक्यांचं दुकान मांडलंय का? नकाशात उष्णता अडवायला फोम दाखवलाय. हे फोडा, मगच शेरा."

त्यानं मान खाली घातली. मजूर पहारी घेऊन वर आले. शेवटचं मडकं फुटेपर्यंत मी तिथून हललो नाही. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

घरी आलो तर आबा ओट्यावर माझीच वाट बघत होते.

"जळोचीला माझी मडकी बसवल्यात. ठेकेदार सवता आला हुता, पाया पडला, मांडणी इचारून गेला. उद्या मला घिऊन चल बघायला."

"ती नियमात बसली नाहीत, आबा."

"आन् नियम बघायला तितं तूच हायस न्हवं?"

माझ्या पँटवर खापरांची लाल धूळ होती. आबांची नजर तिच्यावर गेली. मग मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानंतर मडक्यांचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

ठेकेदाराला मी अजून माफ केलेलं नाही. आबांची माफी त्यानं माझ्याआधी मागितली, याचासुद्धा राग येतो.